पार्किन्सन्सची गोळी राउंडसाठी थांबत नाही

महोदय,

परिचारिकांच्या पार्किन्सन्स प्रशिक्षणावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. विषय घेतलात, त्याबद्दल आभार. पण रुग्णाशी प्रेमाने बोलावे, त्याला धीर द्यावा, यापलीकडे लेख गेलाच नाही. प्रेमाने बोलून ताठरलेले अंग सुटत नाही. गोळीच्या वेळेबद्दल एक ओळसुद्धा नसावी?

माझे पती खुब्याचे हाड मोडल्यामुळे रुग्णालयात होते. सकाळी आठला त्यांना पार्किन्सन्सवरच्या लेव्होडोपा या औषधाची गोळी लागते, म्हणजे लागतेच. मी सोबत नेलेल्या गोळ्या काढून घेतल्या आणि "औषधं राउंड झाल्यावर" असे सांगण्यात आले. राउंड संपेपर्यंत त्यांना कुशीवर वळता येईना, पाण्याचा घोट गिळता येईना. केसपेपरवर काय लिहिले? 'रुग्ण सहकार्य करत नाही.' ते पूर्ण शुद्धीवर होते, सगळे ऐकत होते. चेहरा हलत नव्हता आणि आवाज फुटत नव्हता इतकेच. त्या चार शब्दांचा राग अजून गेलेला नाही. सिस्टर वाईट नव्हत्या. त्यांना हे कुणी शिकवलेच नव्हते, आणि माझी तक्रार तीच आहे.

लेव्होडोपाचे रक्तातले प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येते. आजार वाढत गेला की मेंदूला ते साठवून पुरवता येत नाही, म्हणून अर्ध्या तासाचा उशीरही रुग्णाला भोवतो. ब्रिटनमध्ये केवळ एवढ्यासाठी २००६ मध्ये 'गेट इट ऑन टाइम' ही मोहीम सुरू झाली. गोळी एकदम बंद पडली तर प्रचंड ताप चढून जिवावर बेतू शकते. उलटीवर सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड या रुग्णांना देऊ नये, कारण लेव्होडोपापासून मेंदूत जे डोपामाइन बनते आणि ज्यावर अंगाची हालचाल चालते, त्याचेच काम ते अडवते. औषध डॉक्टर लिहितात, मान्य. पण इंजेक्शन भरणाऱ्या परिचारिकेला हे माहीत असेल तर ती थांबून विचारेल तरी.

जाता जाता आणखी एक. पार्किन्सन्सच्या प्रत्येक लेखाला थरथरत्या हाताचाच फोटो का छापता? कित्येक रुग्णांना कंप नसतोच. माझ्या पतींनाही नाही, त्यामुळे निदान व्हायलाच उशीर झाला. वॉर्डातही "हात तर थरथरत नाहीत यांचे" असे ऐकावे लागले. फोटो बदला. आणि पुढचा लेख या रुग्णांची रोज शुश्रूषा करणाऱ्या एखाद्या अनुभवी परिचारिकेकडून लिहून घ्यावा, ही विनंती.

– एक वाचक