सिकंदर, सायरस आणि बायबल: मित्रास पत्र

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

सिकंदर, क्लिओपात्रा, ज्युलियस सीझर, रामसेस असे ज्यांची नावे आपण शाळेपासून ऐकत आलो ते राजे बायबलमध्ये भेटतात का, असे तू विचारले आहेस. काही भेटतात, काही भेटत नाहीत. मात्र कोणाला जागा मिळाली आणि कोणाला नाही, याचा त्यांच्या कीर्तीशी फारसा संबंध नाही. इस्राएलच्या भाग्याला ज्याचा हात लागला त्याची नोंद झाली, आणि तीही देवाशी तो कसा वागला या एकाच कसोटीवर. इस्राएलचा स्वतःचा राजा अम्री पाहा. शोमरोन ही राजधानी त्याने वसवली आणि त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षे अश्शूरी (असीरियन) लेख त्या देशाला ‘अम्रीचे घराणे’ म्हणत राहिले. बायबलने मात्र त्याला काही मोजक्या ओव्या दिल्या आणि पूर्वीच्या सर्वांपेक्षा अधिक दुष्ट म्हणून त्याला बाजूला सारले.

ज्या राजाविषयी दोन्ही बाजूंची साक्ष उपलब्ध आहे, त्या सन्हेरीबाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. या अश्शूरी सम्राटाने इ.स.पू. 701 मध्ये यहूदावर, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या दक्षिणेकडील यहूदी राज्यावर, स्वारी केली. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात सांगितले आहे की यहूदाच्या हिज्कीया राजाने त्याला तीनशे किक्कार (वजनाचे एक जुने माप) चांदी आणि तीस किक्कार सोने दिले, त्यासाठी मंदिराच्या दारांवरचे सोनेसुद्धा उतरवले. सन्हेरीबाने मातीच्या बहुकोनी स्तंभांवर स्वतःचा वृत्तान्त कोरवून घेतला होता, आणि त्यातही सोन्याचा आकडा तीसच आहे. चांदी मात्र आठशे. सेहेचाळीस तटबंद नगरे जिंकल्याचे तो अभिमानाने सांगतो, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे यरुशलेमात कोंडले असेही सांगतो. पण यरुशलेम जिंकले, असे तो कोठेही म्हणत नाही. आपली राजधानी निनवे येथील राजवाड्याच्या भिंतींवर त्याने यहूदातील लाखीश नगराच्या पाडावाची शिल्पे कोरवून घेतली, जी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. यरुशलेम हाती लागले असते, तर मानाची जागा लाखीशला मिळाली असती असे मला वाटत नाही. बायबलच्या मते देवदूताने एका रात्रीत त्याची छावणी उद्ध्वस्त केली. त्याबद्दल इतिहासकार निर्णय देऊ शकत नाही, परंतु शहर वाचले याविषयी दोन्ही साक्षी जुळतात.

सायरस, म्हणजे मराठी बायबलमधील कोरेश, याचा मान सर्वांत मोठा आहे. या इराणी सम्राटाने इ.स.पू. 539 मध्ये बाबेल (बॅबिलोन) घेतले आणि निर्वासित यहूद्यांना परतण्याची मोकळीक दिली. यशयाच्या ग्रंथात देव त्याला आपला ‘अभिषिक्त’ म्हणतो. परक्या राजाला हा शब्द बायबलमध्ये दुसऱ्या कोठेही मिळालेला नाही. बाबेलच्या अवशेषांत 1879 मध्ये सापडलेल्या त्याच्या मृत्तिका-लेखात हेच यश बाबेलच्या मार्दुक देवाच्या कृपेचे ठरते आणि यहूद्यांचा उल्लेखही येत नाही.

मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, राजांबाबत तुझी निराशा होईल. मोशेसमोरचा फारो निनावीच आहे आणि निर्गमच्या पुस्तकातले रामसेस हे नगराचे नाव आहे. शलमोनाचा मुलगा रहबाम याच्या काळात यरुशलेमची लूट करणारा शिशक मात्र नावानिशी येतो. त्याला अभ्यासक मिसरचा राजा शेशोंक पहिला मानतात.

सिकंदर कोठे आहे, याचे उत्तर तुझ्या हातातील प्रत कोणत्या परंपरेची आहे यावर अवलंबून आहे. कॅथलिक बायबलमधील मक्काबींचे पहिले पुस्तक त्याच्याच नावाने सुरू होते. प्रोटेस्टंट प्रतींत ते पुस्तकच नाही. दानीएलाच्या ग्रंथातील एका दृष्टान्तात पश्चिमेकडून धावत येणारा एक बोकड आहे, ज्याचे मोठे शिंग मोडते आणि त्या जागी चार शिंगे उगवतात. तो ग्रीसचा राजा, असे तेथेच सांगितले आहे, नाव मात्र दिलेले नाही.

त्याच ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात दक्षिणेच्या राजाची कन्या उत्तरेच्या राजाकडे सलोख्यासाठी जाते आणि तो सलोखा टिकत नाही. अभ्यासक या दोन राजांना मिसरचा टॉलेमी दुसरा आणि सीरियाचा अँटिओकस दुसरा मानतात. आणि आपल्या अशोकाने तेराव्या शिलालेखात ‘तुरमय’ आणि ‘अंतियोक’ म्हणून ज्यांची नावे घेतली, तेही हेच दोघे असावेत, असे बहुतेक विद्वान मानतात. अशोक बायबलमध्ये नाही, तरी त्याने ज्यांच्याकडे धर्माचा संदेश पाठवला त्यांची सावली तेथे पडली आहे, हे मला फार हृद्य वाटते. एस्तेरच्या पुस्तकातील अहश्वेरोश, म्हणजे बहुधा इराणचा सम्राट झर्क्सीस, याचे राज्य तर हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंत 127 प्रांतांचे असल्याचे पहिल्याच ओवीत सांगितले आहे.

रोमनांपैकी ऑगस्टस, तिबेरियस आणि क्लॉडियस नावाने येतात. येशूचा प्रेषित पौल याने ज्याच्याकडे दाद मागितली तो कैसर नीरो होता, पण तेथे केवळ पदवी आहे. ज्युलियस सीझर नाही, आणि त्याची क्लिओपात्राही नाही. मक्काबींच्या पुस्तकातील क्लिओपात्रा तिच्या शंभरएक वर्षे आधीची, टॉलेमी सहाव्याची मुलगी आहे.

सवड झाली की राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचे अठरा व एकोणीस हे अध्याय वाच आणि लगेच सन्हेरीबाचा वृत्तान्तही वाच. तीनशे आणि आठशे किक्कार चांदीतला फरक तुला कसा उलगडतो, ते मला अवश्य लिही.

तुझा स्नेही