त्या हकिकतीतल्या आईकडून

इंदिरानगर, नाशिक

चि. सौमित्र यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, ‘जर्मनीला जाऊ की नाशिकला परत येऊ? मला आतून नक्की काय वाटतं तेच कळत नाही. आई, तूच सांग.’ फोनवर नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

१९४५ च्या ऑक्टोबरात सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञाने पॅरिसमध्ये एक व्याख्यान दिलं. वर्षानुवर्षं मी ते वर्गात शिकवलं. त्यात त्याच्या एका विद्यार्थ्याची हकिकत आहे. थोरला भाऊ १९४० च्या जर्मन हल्ल्यात मारला गेलेला, आईवडिलांचं बिनसलेलं, आई या एका मुलाच्या आधाराने जगणारी. मुलाला इंग्लंड गाठून फ्रान्सच्या मुक्तिसेनेत जायचं होतं. राहू की जाऊ? सार्त्र म्हणाला, तू स्वतंत्र आहेस, निवड कर.

मुलांना हे उत्तर कोरडं वाटायचं. मला वाटलं नाही, कारण त्यामागचा विचार फार खोल आहे. तो विद्यार्थी म्हणत होता, आईवर पुरेसं प्रेम असेल तर मी राहीन. पण ते पुरेसं आहे हे ठरणार कशावरून? राहिल्यावरच ना! भावना आपण वागतो तशी घडत जाते. आधी ती तपासून घेऊ आणि मग तिच्या सांगण्यावरून वागू, असं होत नाही. तू महिनाभर ‘आतलं’ उत्तर शोधतो आहेस. ते तिथे तयार होऊन बसलेलंच नाही रे. मोबाइलवरच्या त्या चाचणीने तुला ‘कचखाऊ स्वभावाचा’ ठरवलं म्हणे. त्याच व्याख्यानात सार्त्र म्हणतो की भित्रा माणूस आपल्या वागण्याने भित्रा होतो, आणि तसं न राहणं कायम त्याच्या हातात असतं. यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

आणखी एक. कुणाचा सल्ला घ्यायचा हे ठरवलं की बरंचसं ठरून गेलेलं असतं, असंही तो सांगतो. मावशीने डोळे मिटून ‘जा’ म्हटलं असतं. तू तिला विचारलं नाहीस.

त्या हकिकतीत आईच्या तोंडी एकही वाक्य नाही. मी मात्र बोलू शकते. दिवाळीत मी कठडा धरून एकेक पायरी उतरत होते, ते तू पाहिलंस आणि नजर वळवलीस. गुडघा दुखतो. तुझे बाबा गेल्यापासून संध्याकाळ मोठी वाटते. दोन्ही खरं आहे. पण सकाळच्या कामाला बाई येतात, गुरुवारी सावाना वाचनालयात पुस्तक बदलायला जाते, आणि जिना झेपेनासा झाला की तळमजल्यावर घर बघेन. ते मी ठरवायचं आहे. सार्त्रची सहचरी आणि स्वतः तत्त्वज्ञ असलेल्या सिमोन द बोव्हारचं म्हणणं होतं की आपलं स्वातंत्र्य दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याशिवाय उभंच राहत नाही. तेव्हा माझं स्वातंत्र्यही धरून चाल. ‘आईसाठी थांबलो’ म्हणू नकोस आणि ‘आईनेच पाठवलं’ असंही म्हणू नकोस. यायचं असेल तर तुला इथे राहायचं आहे म्हणून ये. घर तुझंच आहे.

ठरलं की आधी कंपनीला कळव, मग मला. मला आधी सांगितलंस तर माझा आवाज ऐकून पुन्हा डगमगशील.

तुझी,
आई