स्ट्रोकनंतर नजरही तपासा

संपादक महोदय,

लकव्याचा झटका आला की सगळे हातपाय आणि बोलणं बघतात, नजरेचं कुणी विचारतच नाही. माझे सासरे झटक्यानंतर भाजी-पोळी खायचे पण डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहायची, आम्हाला वाटलं तोंडाची चव गेली, आणि चालताना डाव्या खांद्याने दाराला धडकायचे ते वेगळंच. यात डोळे चांगले असतात, मार मेंदूला बसलेला असतो आणि दोन्ही डोळ्यांची एकच बाजू दिसेनाशी होते, मग चष्म्याचा नंबर बदलून काय होणार! फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं कुठपर्यंत दिसतं याची तपासणी, करावी लागते. मान वळवून त्या बाजूला बघायची सवय लावली, पेपर वाचताना ओळीच्या सुरुवातीला लाल पट्टी ठेवली की बराच फरक पडतो, गाडी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. डिस्चार्ज देण्याआधी ही तपासणी सगळ्या हॉस्पिटलांनी करायलाच हवी.

— एक वाचक, सातारा