टाचदुखीतून बाहेर काढणाऱ्या आमच्या फिजिओताईंना

ताई, नमस्कार,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही, पण वाचाल तेव्हा कळेलच. माझं डब्यांचं काम, पहाटेपासून ओट्यापाशी उभं, तेही अनवाणी, कारण स्वयंपाकघरात चप्पल नाही ही घरची पद्धत. सकाळी पहिलं पाऊल टेकलं की टाचेत कळ जायची, थोडं चाललं की सैल व्हायचं आणि संध्याकाळी परत ठणका. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं तर ज्याने त्याने ऑपरेशनचीच भीती घातली.

तुम्ही एक्स-रे बाजूला ठेवलात आणि आधी पाय हातात घेतलात. अंगठा वर ओढून टाचेच्या आतल्या बाजूला दाबलंत, मी ओरडलेच, तर म्हणालात हेच दुखणं, प्लांटर फॅशिया. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली जो जाड पट्टा असतो तो रात्रभर आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो म्हणून ती सकाळची कळ, आणि वाढलेलं हाड तर ज्यांना काहीच दुखत नाही अशा कितीतरी जणांच्या एक्स-रेत पण दिसतं. इतकं सरळ मला कोणी सांगितलंच नव्हतं हो!

मग व्यायाम. अंथरुणातून उतरायच्या आधीच पाय मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढायची, १० आकडे मोजायचे, असं १० वेळा, दिवसातून ३ वेळा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, रात्री बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. इंजेक्शनचं मी विचारलं तेव्हा चिडला नाहीत, काही आठवडे आराम पडतो पण परत परत घेतलं तर तो पट्टा तुटू शकतो आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते हे नीट समजावलंत. काही महिने लागतील पण बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय बरं होतं हेही पहिल्याच दिवशी सांगितलंत, त्यामुळे मधे दुखणं वाढलं तरी धीर सुटला नाही.

आणि सासूबाईंना फोन करून तुम्हीच म्हणालात, काकू, स्वयंपाकघराची वेगळी मऊ चप्पल ठेवू, ती उंबऱ्याबाहेर जाणार नाही. त्या लगेच हो म्हणाल्या!

पण सगळ्यात मोठे आभार सासूबाईंच्या पायांसाठी. त्या नुसत्या माझ्यासोबत आल्या होत्या, तळपायाची आग होते म्हणाल्या, आम्हाला वाटलं वयाचं असेल. तुम्ही शुगरचं विचारलंत, डोळे मिटायला लावून नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवत गेलात, लागलं का, आता लागलं का, आणि दोन-तीन जागी त्यांना कळलंच नाही. बोटांच्या बेचक्यात जखम होती, तीही त्यांना माहीत नव्हती. हे टाचदुखीसारखं नाही, नसा बधिर झाल्यात, गरम पाण्याचा शेक अजिबात नको, अनवाणी फिरणं नको, रोज आरसा धरून तळवे बघायचे, असं सांगून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलंत. जखम भरली, शुगरही आता आटोक्यात आहे. तुम्ही तेव्हा पाय बघितले नसते तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो.

माझी सकाळची कळ गेली, दिवसभर उभं राहिले तर थोडं जाणवतं तेवढंच. आमच्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींची टाच पण धरलीये, त्या स्वतःहून यायच्या नाहीत, म्हणून डब्यांच्या सुट्टीच्या दिवशी मीच घेऊन येते.

तुमची,
डबेवाली