चितार ओळीतल्या काकाजींना, घाटाबद्दल

आदरणीय काकाजी,

साष्टांग नमस्कार.

मोबाईलवरचं लांबलचक लिहिलेलं तुम्ही वाचत नाही, धाकटा वाचून दाखवेल. चारचौघांत आभार मानतोय ते मुद्दाम. घरात छोटी रेल्वे मांडायची हौस असलेले जे कोणी मराठी लोक आहेत, ते डोंगर-झाडांचं सामान परदेशातून मागवतात आणि मग बिल पाहून बायकोपासून लपवतात. हे काम जाणणारी माणसं आपल्या नागपूरच्या महाल भागात, मूर्तिकारांच्या चितार ओळीत बसली आहेत, हे त्यांनाही कळू द्या.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी घरात नागपूर-छिंदवाडा नॅरोगेजची छोटी प्रतिकृती मांडतोय. खरी गाडी २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. तिच्या रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. सत्त्याऐंशी पट लहान केलं (मॉडेलवाले या मापाला एचओ म्हणतात) की पावणेनऊ मिलिमीटर येतं, आणि एन गेज या त्याहून छोट्या मॉडेल रेल्वेचा तयार रूळ असतो ९ मिलिमीटरचा. त्यामुळे डबे एचओच्या मापाचे आणि रूळ एनचा, अशी सोय आपोआप होते. नागपुरातल्या मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये इंजिनं, डबे डोळे भरून पाहता येतात. रूळ, वायरिंग, कंट्रोलर माझं मी केलं. अडलं ते रामाकोन्याच्या पुढे, भिमालगोंदीच्या घाटापाशी.

तुमच्याकडे आलो होतो फक्त प्लास्टर कुठलं घेता ते विचारायला. पोळा तोंडावर आलेला, तुमच्या मांडवात पाय ठेवायला जागा नाही. तरी तुम्ही हात पुसून फोनमधला फोटो पाहिलात आणि म्हणालात, "एवढं हिरवं कुठी पाह्यलं बे? वैशाखात आपल्याकडं हिरवं राह्यते का?" पाकिटातलं ते गवत विलायती कुरणाचं होतं. ज्याने बनवलं त्याचा दोष नाही, त्याने सावनेर पाहिलेलं नाही.

त्यानंतर तुम्ही जे शिकवलं, त्याचे खरे आभार आहेत. रंग डब्यातून घ्यायचा नाही, जागेवरून घ्यायचा. काळी माती उन्हाळ्यात काळी नसतेच, भेगाळून राखाडी होते. शिवाय तीच माती चाळून फेव्हिकॉलवर टाकली तर वाळल्यावर आणखी गडद दिसते. तुम्ही तिच्यात चिमूटभर खडूची भुकटी मिसळायला लावलीत. कारण विचारलं तर म्हणालात, मूर्तीचा रंग उन्हात ठरवला तर मंडपातल्या लाईटखाली मळका दिसतो, तुझा डोंगरही ट्यूबलाईटखालीच राहणार आहे ना! रेल्वे मॉडेलवाले हेच फार अवघड करून सांगतात. (माती पसरण्याआधी तिच्यावरून लोहचुंबक जरूर फिरवा. आपल्या मातीत लोखंडाचे बारीक कण असतात, ते इंजिनाच्या मोटरीत शिरतात. एवढी एक गोष्ट मी तुम्हाला सांगू शकलो, आणि तुम्ही ती लगेच धाकट्याला करून दाखवायला लावलीत.)

डोंगराचा सांगाडा थर्माकोलच्या थरांचा, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेलं मलमल. प्लास्टरमध्ये काथ्याचे तुकडे घालायची युक्ती तुमची. ती नसती तर सुटी फळी इकडची तिकडे नेताना घाटाला तडे गेले असते. पीओपी की शाडू हा वाद इथे नको, माझ्या डोंगराचं विसर्जन व्हायचं नाही. खडकांसाठी तुम्ही दगडी कोळशाचं ढेकूळ शोधून आणायला सांगितलंत, त्यावर पातळ रबराचे हात दिले आणि साचा काढला. कोळसा फुटतो तेव्हा त्याला अशा कडा येतात की छोट्या मापात तो थेट कातळ वाटतो. त्यावर काळपट पाणी सोडायचं, ते फटींत उतरू द्यायचं, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने नुसत्या कडांवर फिकट रंग. हा ब्रशचा हात मला अजून तुमच्यासारखा बसलेला नाही, पण घाट बघणारे फसतात.

झाडांचं श्रेय मात्र मी वाटून देईन. सागाचे वाळलेले तुरे तुम्ही दाखवलेत, उन्हाळ्यातला निष्पर्ण साग त्यातून हुबेहूब उभा राहतो. पळसासाठी तुळशीच्या वाळक्या काड्या वापरायची कल्पना आमच्या आईची. रुळाखालची खडी क्रशरच्या चुरीची, चहाच्या गाळणीने गाळलेली. ती बसवायला फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. तो थेंब नसला तर पाणी खडीवर गोळे होऊन बसतं, आत मुरत नाही.

आणि काकू. त्यांच्याबद्दल वेगळं पत्र लिहायला हवं. माझ्याकडे जर्मन प्रायझर कंपनीची तयार माणसं होती, ओव्हरकोट आणि हॅट घातलेली. ऐन वैशाखात भिमालगोंदीच्या फलाटावर ओव्हरकोट! काकूंनी ब्लेडने हॅट तासल्या, टिश्यू पेपरचे फेटे गुंडाळले, कोटांची धोतरं केली. जेमतेम दोन सेंटिमीटरची माणसं ती. चेहरे रंगवायला घेतले तेव्हा मी बारीक ब्रशने डोळे काढणार, तर त्यांनी हात धरला. ज्या घरात मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी, सगळ्यात जपून लिहिले जातात, त्या घरातल्या बाईने मला सांगितलं, "याईले डोळे नको काढू. एवढ्या लांबून माणसाचे डोळे दिसत असतात का? नुसती सावली दे." तशी दिली. आता माझ्या फलाटावरचे लोक गाडीची वाट पाहताना दिसतात. डोळे काढले असते तर सगळेच दचकलेले दिसले असते.

पैशांचं बोललो तर तुम्ही विषय बदलता, म्हणून तो आता काढत नाही. रबर आणि काथ्याचे मात्र घ्यावेच लागतील, ते धाकट्याशी बोललोय.

एक काम उरलंय. पुलाखालची नदी. भर उन्हाळ्यातली हवी, म्हणजे वाळूच जास्त आणि मधून एक बारीक धार. रेझिन ओतलं तर काच लावल्यासारखं चकचकीत दिसतं, ते मला नको. दसऱ्यानंतर तुमचा हात मोकळा झाला की फळी घेऊनच येतो. काकूंना सांगा, चहा नको, जेवूनच जाईन.

तुमचा,
रेल्वेवाला