ती वही तुझ्याकडं आहे का?

कऱ्हाड,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बंड्या,

वर गावाचं नाव लिहिलंय ते नीट बघ. ह च्या डोक्यावर रफार नाही, त्याच्या आधी पापणीसारखा आडवा पडलेला आपला र आहे. मुद्दाम बघायला सांगतोय. का ते पुढं येईलच.

दीड वर्ष तुला काही कळवलं नाही. तुझे दोन मेसेज आले, दोन्ही वाचले, आणि सवडीनं लिहू म्हणून ठेवून दिले. चुकलं माझं. इकडं सगळे बरे आहेत. माझी साखर गोळीवर आहे, आईचा मोतीबिंदू काढला, वहिनी तुझी आठवण काढते. आता मूळ गोष्टीकडं येतो. आठवडाभर मला झोप नाही आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोगही नाही.

मंगळवारी बापू दुकानात आला. तोच झोळा, तोच स्टुलावर एक पाय वर घेऊन बसायचा थाट. पुण्याचा एक प्रकाशक त्याच्या कथा काढायला तयार झालाय. अकरा कथा जुन्या अंकांतून मिळाल्या. बारावी आपल्या २००३ च्या दिवाळी अंकातली. "ती तुझ्याकडं असेलच की," म्हणाला. मी झेरॉक्स काढता काढता म्हणालो, "असणारच." चहा पिऊन खुशीत गेला. जाताना पायरीवरून वळून म्हणाला, "त्याच कथेवर पुस्तकाचं नाव ठेवतोय रे. उजेडवाला."

बंड्या, २००३ चा अंक निघालाच नाही. म्हणजे ती कथा कागदावर कधी छापलीच गेली नाही. आणि तिचं हस्तलिखित, बापूच्या त्या तिरक्या अक्षरातली चाळीस पानं, मी रद्दीत घातली. टाइप होऊन प्रूफ तपासलं की हस्तलिखित रद्दीत, ही आपल्या दुकानाची पद्धत होती. हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. बापूला वाटतं पानं आपल्या कपाटात आहेत.

फाइल मात्र आहे. माळ्यावर सीडींचा डबा सापडला. तुझ्याच अक्षरात 'दिवाळी ०३, फायनल, हीच फायनल'. आमच्या चिन्यानं कुठून तरी सीडी ड्राइव्ह आणला. फाइल उघडली तेव्हा मी देवाला हात जोडले. सतरा पानं पडद्यावर आली आणि एकाही ओळीत मराठी नाही. इंग्रजी अक्षरं, मधेच डॉलर, कंस, अंशाचं चिन्ह, पुन्हा अक्षरं. फॉन्टच्या चौकटीत आपल्या फॉन्टचं नाव तेवढं आहे. फॉन्ट जुन्या मशिनच्या हार्ड डिस्कमध्ये होता आणि ती डिस्क २००५ च्या पावसाळ्यात गेली. मजकुराचा बॅकअप आपण घेतला, फॉन्टचा घेतला नाही. तो इतका रोजचा होता की तो वेगळा ठेवायची वस्तू आहे हे डोक्यातच आलं नाही.

तू म्हणशील, नेटवरून उतरवून घे. बारा फॉन्ट लावून पाहिले. एकात ग च्या जागी म येतो, दुसऱ्यात सगळ्या वेलांट्या उकार होतात. प्रत्येकानं फॉन्टच्या २५६ घरांत आपापल्या मर्जीनं अक्षरं बसवलेली, एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. आपला तर त्या कोल्हापूरच्या माणसानं घरी बनवून फ्लॉपीवर विकलेला. वर त्यात पापणीतला र आणि आठ-दहा जोडाक्षरं तू स्वतः रात्र रात्र जागून घुसवलीस. तसा फॉन्ट जगात एकच होता.

आता जे सांगायचं ते. चिन्या म्हणाला, "काका, एआयला द्या, ते कसलीही भाषा वाचतं." पहिलं पान दिलं. अर्ध्या मिनिटात मराठी आली. स्वच्छ, शुद्धलेखनाची एक चूक नाही. मी अक्षरशः रडलो रे. सतराच्या सतरा पानं दिली, प्रिंट काढली, पाकिटावर बापूचं नाव घातलं. रात्री जेवण झाल्यावर सावकाश वाचायला बसलो.

गोष्ट पालीच्या खंडोबाच्या यात्रेतल्या तंबू टॉकीजची होती, कारण यात्रा आणि सिनेमा एवढं मीच त्याला सांगितलं होतं. ऑपरेटर होता, त्याची म्हातारी आई होती, पाऊस होता. पौषातल्या यात्रेत पाऊस! आणि तो ऑपरेटर बटण दाबून प्रोजेक्टर चालू करतो. बापूनं अशा तंबूत तीन हंगाम काढलेत. २००० फुटांचं रीळ २२ मिनिटांत संपतं, मशिन एकच असल्यानं प्रत्येक रिळाला पब्लिक शिट्ट्या मारतं, आणि तेवढ्या वेळात जळून उजेड देणाऱ्या कार्बनच्या कांड्या बदलायच्या, हे त्यानं आपल्याला शंभर वेळा ऐकवलंय. तो माणूस "बटण दाबलं" लिहील? मी मूळ मजकूर पुन्हा त्याच यंत्राला दिला. या खेपेला वेगळीच गोष्ट आली. आई जाऊन बहीण आली होती. त्यानं काही वाचलंच नव्हतं. न कळलेलं त्यानं गोड भाषेत रचून दिलं होतं.

पाकीट अजून ड्रॉवरमध्ये आहे. घाबरलोय ते यासाठी, की एक पूर्ण रात्र मी ते बापूला द्यायचं ठरवून झोपलो होतो. वीस वर्षांवर काळ गेला, त्याला तरी शब्दन् शब्द कुठला आठवतोय? भाषा चांगली आहे, तो वाचेल, म्हणेल बरं लिहिलं होतं आपण, आणि ते त्याच्या नावानं छापलं जाईल. त्याचं पुस्तक, त्याचं नाव, आणि आतली कथा कुणाचीच नाही. सकाळी उठून पाकिटाकडं बघवेना.

तुझं-माझं त्या वर्षीचं भांडण मला आता दिवसातून दहादा आठवतं. महाराष्ट्र दिनाला मराठी विकिपीडिया सुरू झाला होता आणि तुझ्या अंगात युनिकोड संचारलं होतं, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला आकडा द्यायची ती पद्धत. अंक युनिकोडात करायचा म्हणून अडून बसलास. मी विचारलं होतं, पेजमेकरला युनिकोड देवनागरी कळत नाही, पानं कशात लावू? त्याला तुझ्याकडं उत्तर नव्हतं. तिथं मी बरोबर होतो आणि आजही म्हणतो, कारण पेजमेकरला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग तू हौसेनं एक नमुना छापून आणलास. त्यात गाव 'कर्हाड', पाहुणे 'वर्हाडी' आणि मी 'शर्या'! बापू त्यावर तासभर हसला होता. मला म्हणायचा, "तू आता आर्यांतला शर्या." मी मात्र पेटलो. ज्या पद्धतीत माझ्या गावाचं नाव लिहिता येत नाही ती मला नको, असं कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर पन्नास माणसांसमोर ओरडलो. तू शांतपणे सांगत होतास, की साधा र नको, खाली टिंब असलेला, नुक्त्याचा ऱ घे, मग हलन्त म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, मग ह, की होतं बरोबर. मी ऐकलं नाही. आज मोबाइलवर मी कऱ्हाड अगदी तसंच लिहितो. तुझं बरोबर होतं. हे लिहायला मला एवढी वर्षं लागली.

लिनक्सचं मात्र मी माफ केलेलं नाही. पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेली त्या सिस्टीमची सीडी दुकानाच्या मशिनमध्ये घालून लग्नसराईत सगळी डिस्क पुसलीस आणि मामांच्या तीनशे पत्रिका मला रात्रभर पुन्हा टाइप कराव्या लागल्या. मामी अजून विचारतात, तो पत्रिका खाणारा मुलगा कुठं असतो.

पण बंड्या, हे काही माझ्या एका दुकानाचं नाही. नव्वदच्या दशकापासून पुढची पंधरा-सतरा वर्षं संगणकावर पानं लावणाऱ्या गावोगावच्या डीटीपीवाल्यांनी मराठीत जे काही टाइप केलं, ते असंच कुठल्या तरी हरवलेल्या फॉन्टच्या ताब्यात आहे. स्मरणिका, शाळांचे अंक, साप्ताहिकं, न छापलेल्या कविता. युनिकोड १९९१ पासून होतं, देवनागरीला त्यात १२८ घरं होती, विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टही आला होता. तरी आम्ही जुन्याला चिकटून राहिलो, कारण कागदावर उमटलं की काम झालं असं वाटायचं. तुझे आजोबा चष्मा पुसून दीडशे वर्षांपूर्वीचं मोडीतलं खरेदीखत घडाघडा वाचायचे. त्या मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्वतःची जागासुद्धा मिळाली. आणि मला मी स्वतः टाइप केलेलं २००३ सालचं पान वाचता येत नाही. बापू म्हणायचा, रीळ उन्हाला धरलं तरी हिरॉइन दिसते, मशिन नसलं तरी चालतं. आपण त्याच्याशी वाद घालायचो, डिजिटलच टिकणार म्हणून. त्या वादात तू आणि मी एका बाजूला होतो, एवढं लक्षात ठेव.

आता मी काय करतोय ते सांगतो. बुधवारपासून रोज रात्री हातानं सोडवतोय. डोळ्यांना काही कळत नाही, पण बोटांना कळतं. आपल्या फॉन्टमध्ये कळ तेच अक्षर होतं. ते इंग्रजी अक्षर दिसलं की डोळे मिटून ती कळ दाबल्यासारखं करायचं आणि तोंडातून काय निघतं ते लिहायचं. दहा-दहा तास टाइप केलेलं वाया गेलं नाही, गड्या. काना, मात्रा, अर्धी अक्षरं सगळी परत आली. ह्रस्व वेलांटी आपण अक्षराच्या आधी टाइप करायचो, ती मागं न्यावी लागते. रफार नंतर टाइप करायचो, तो आधी आणावा लागतो. चिन्यानं एक छोटा प्रोग्रॅम करून पाहिला, तर त्यानं 'धर्म'चं 'धमर्' केलं, म्हणून वहीच बरी. सव्वाचार पानं झालीत.

अडलोय ते ऑल्टच्या अक्षरांशी. ऑल्ट दाबून शून्य आणि तीन आकडे मारायचो ती सगळी जोडाक्षरं, तुझी घुसवलेली धरून. ती मला कधीच पाठ नव्हती, कारण समोर वही असायची. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. एका रकान्यात आकडा, दुसऱ्यात अक्षर, सगळं तुझ्या हातचं. त्या दिवशी संगमावर मी तीच वही तुझ्या अंगावर फेकली. तू ती उचललीस हे मी पाहिलं होतं. वाळू झटकून शर्टात घातलीस आणि मागं न बघता गेलास. पुढच्या महिन्यात तू म्युनिकला गेलास आणि अंकाचं नाव आपण पुन्हा काढलं नाही.

बंड्या, ती वही तुझ्याकडं आहे का? नसेल तर इकडं तुमच्या घरी असेल का? काकूंना विचारायला जाणार होतो, पण तुला आधी सांगितल्याशिवाय तुमच्या घरात शोधाशोध करणं मनाला पटलं नाही. असली तर नुसते फोटो काढून पाठव. नसली तरी कळव, मग बापूसमोर बसून रद्दीचं सांगतो. सांगायचं तर आहेच. पण सांगताना हातात निदान त्याची स्वतःची काही पानं असावीत.

तुझं कसं चाललंय? नोकरी बदललीस असं कळलं, चांगलं झालं. मुलीचं जर्मन ऐकून काकू फार हरखतात, पण मराठीही बोलू दे तिला. पाठदुखीवर पोहणं सोडू नकोस. डिसेंबरात येतोयस का ते नक्की सांग. यात्रेला पालीला जाऊ, तिघं.

तुझा,
शऱ्या

ता. क. पहिल्या पानाचा हा तुकडा सुटला, एवढा तरी वाच. 'कांड्या एकमेकींना टेकवून जरा मागं घेतल्या की उजेड उभा राहतो. आधी धूळ दिसते. मग बाई दिसते. मग पडद्याच्या मागच्या अंगाला फुकट बघायला बसलेल्या पोरांची'. आणि इथं ऑल्ट ०२१६ आहे. तो सबंध कथेत त्रेचाळीस वेळा येतो. आधी तेवढा बघून कळव.