बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

ब्युनोस आयरेस

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, "तू आता वाजवतेस, चाली बांधतेस, की नुसते आवाज गोळा करत फिरतेस?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही आणि आईने बोलणे प्रकृतीकडे वळवले. त्या प्रश्नात राग नव्हता, काळजी होती, हे मला कळले. म्हणून सवडीने लिहायला बसले आहे. ज्या माणसाच्या संगीतामुळे मी या शहरात आले, त्या आस्तोर पियाझोला या अर्जेंटिनाच्या टँगो वादक-रचनाकाराच्या आयुष्याकडे पाहिल्याशिवाय माझे उत्तर पूर्ण होणार नाही.

आधी त्याच्या वाद्याविषयी सांगते, जे आता मीही वाजवते. दोन हातांत धरून भाता ओढत वाजवायचे बांदोनिऑन हे आपल्या पेटीचे दूरचे भावंड आहे. दोन्हींत हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्याच सूर देतात. आपल्या पेटीत खर्ज-नर अशी जोडी असते, तसेच इथेही एक कळ दाबली की एका सप्तकाच्या अंतरावरचे दोन सूर एकदम वाजतात. पण भाता उघडताना एक स्वर आणि मिटताना त्याच कळीवर बहुतेक वेळा दुसराच स्वर येतो. उजव्या हाताला ३८ आणि डाव्या हाताला ३३ कळा असल्यामुळे शिकणाऱ्याला एका वाद्याचे चार नकाशे पाठ करावे लागतात. बाबा, तुम्ही डोळे मिटून अलंकार वाजवायला लावत होतात, त्याचा उपयोग मला इथे पहिल्या दिवसापासून झाला. हे वाद्य जर्मनीत जन्मले आणि समुद्र ओलांडून इथल्या बंदराच्या वस्त्यांत टँगोचा, म्हणजे इथल्या नाचाच्या संगीताचा, आवाज होऊन बसले.

पियाझोलाचा जन्म १९२१ साली मार देल प्लाता या समुद्रकाठच्या गावी झाला, पण तो चार वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्कला गेले. वडील व्हिसेंते केशकर्तनाचे काम करत आणि घरी देशाच्या आठवणीने टँगोच्या तबकड्या ऐकत. मुलगा आठ वर्षांचा झाला तेव्हा त्यांनी गहाणवटीच्या दुकानातून त्याच्यासाठी जुने बांदोनिऑन आणले. पुढे थोर गायक कार्लोस गार्देल न्यूयॉर्कला आला असता त्याला हा मुलगा इतका आवडला की त्याने त्याला दौऱ्यावर सोबत बोलावले. वय लहान म्हणून वडिलांनी नकार दिला. त्याच दौऱ्यात, १९३५ च्या जूनमध्ये, मेदेयिन येथील विमान अपघातात गार्देल गेला. मी सतरा वर्षांची असताना तुम्ही मला नाटक कंपनीबरोबर जाऊ दिले नाहीत, याचा राग मी बरीच वर्षे धरला होता. ही हकीगत वाचली तेव्हापासून तो राग उरलेला नाही, हे तुम्हाला सांगायचे राहून गेले होते.

अठराव्या वर्षी पियाझोला आनीबाल त्रोइलोच्या प्रसिद्ध टँगो वाद्यवृंदात वादक झाला आणि रात्री वाजवत असतानाच हिनास्तेरा या रचनाकाराकडे रचनाशास्त्र शिकू लागला. पोट वादनावर चालत होते, पण मनात सिंफनी, म्हणजे मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठीची रचना, होती. १९५३ साली त्याच्या सिंफनीत दोन बांदोनिऑन, म्हणजे नाचगाण्याची वाद्ये, व्यासपीठावर दिसली म्हणून श्रोत्यांत मारामारी झाली. आकाशवाणीवर १९४० पासून तीस वर्षे पेटीला बंदी होती, त्याविषयी तुम्ही किती वेळा कळवळून बोलला आहात. त्यामुळे हे दुःख तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. पुढच्या वर्षी तो पॅरिसला नादिया बूलांजे या संगीतशिक्षिकेकडे शिकायला गेला आणि आपण टँगो वाजवतो हे लाजेने लपवून ठेवले. त्याच्या रचनांत त्यांना इतर मोठ्या रचनाकारांच्या छाया दिसल्या, पण तो स्वतः कुठेच दिसला नाही. शेवटी त्यांनी आग्रहाने त्याला स्वतःचा एक टँगो वाजवायला लावला आणि खरा पियाझोला इथे आहे, तो कधी सोडू नकोस, असे बजावले. बाबा, तुम्ही मला निरोप देताना पेटीची जुनी स्वरलिपीची वही हातात दिलीत, तेव्हा याच अर्थाचे काहीतरी म्हणाला होतात.

आता तुमच्या प्रश्नातल्या 'नुसत्या आवाजां'कडे येते. परतल्यावर १९५५ साली त्याने आठ वादकांचा संच काढला आणि त्यात विजेची गिटार घेतली. १९६० पासून व्हायोलिन, पियानो, गिटार, बास आणि बांदोनिऑन असे पाच जण झाले. त्या पाच जणांत व्हायोलिनवादक गजाने घोडीमागची तार खरवडतो तेव्हा उन्हाळ्यातल्या किड्यांसारखी किरकिर उठते, तार सर्रकन वर ओढतो तेव्हा चाबूक कडाडल्यासारखे वाटते, आणि बासच्या लाकडावर पडलेली थाप दारावरच्या थापेसारखी ऐकू येते. यांतल्या काही युक्त्या आधीच्या वादकांकडेही होत्या, पण पियाझोलाने त्यांना रचनेत सुरांच्या पंक्तीला बसवले. त्या ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे हे शहरच उभे राहते. १९७५ च्या सुमारास त्याने सिंथेसायझर आणि इलेक्ट्रिक वाद्यांचा संचही करून पाहिला, आणि थोड्याच वर्षांत पुन्हा त्या पाच जणांच्या संचाकडे वळला. मला तो प्रयोग वाया गेलेला वाटत नाही. नंतरच्या पंचकाच्या वादनात त्या वर्षांची धग जाणवते, असे माझे कान सांगतात.

१९५९ साली वडील वारल्याची बातमी त्याला दौऱ्यावर कळली. तेव्हा तो पुन्हा न्यूयॉर्कला राहत होता; तिथे परतल्यावर त्याने स्वतःला खोलीत कोंडून घेतले आणि वडिलांच्या लाडक्या नावाने पूर्वी बांधलेल्या टँगोतून 'आदिओस नोनिनो' ही रचना लिहिली. ती मी अजून लोकांसमोर वाजवलेली नाही. मला धीर होत नाही.

बांदोनिऑनला उजव्या अंगठ्याखाली एक दांडी असते. ती दाबली की सूर न वाजता नुसती हवा आत-बाहेर होते, अगदी माणसाच्या श्वासासारखी. सध्या मी त्या श्वासाचे ध्वनिमुद्रण करून त्याभोवती एक रचना बांधते आहे, आणि तिच्यात मला आपल्या घरच्या पेटीचा भाताही हवा आहे. डिसेंबरात मी येईन तेव्हा पहाटे, दूधवाला येण्याआधी, बाबांनी माझ्यासाठी अर्धा तास वाजवावे. काळी चारची पट्टी चिकटते आणि भात्याची शिवण सुटली आहे, असे आई म्हणत होती. कृपा करून तोवर काहीही दुरुस्त करून घेऊ नका.

आईने गुडघ्याचे औषध वेळेवर घ्यावे.

तुमची,
धाकटी